मूत्राशयाची विद्युच्चिकित्सा : प्रथम कोणीं व कशासाठीं?

१. अमुक गोष्ट प्रथम कोणीं केली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांस नेहमींच मोह घालीत आला आहे. शिलालेख असो वा शस्त्रक्रिया, ‘सर्वांत प्राचीन’ या शब्दांची गोडी सारखीच. परंतु ज्या क्रियेचा जनक शोधावयाचा ती क्रिया एकच आहे, कीं एका नांवाखालीं दोन-तीन भिन्न क्रिया नांदत आहेत, हें आधीं ठरविलें नाहीं, तर मिळालेलें उत्तर मितीच्या दृष्टीनें बरोबर असूनही अर्थाच्या दृष्टीनें फसवें ठरतें. मूत्राशयाच्या विकारांवर विजेच्या प्रवाहानें करण्यांत येणारा उपचार हें याचें चांगलें उदाहरण आहे. या विषयावरील अलीकडच्या वैद्यकीय निबंधांच्या आरंभीं एक ठराविक वंशावळ दिलेली पुष्कळदां आढळते : रोमन काळांतील विद्युन्मत्स्य, १८७८ सालचा डेन्मार्कमधील शस्त्रवैद्य साक्स्टॉर्फ, आणि मग एकदम विसाव्या शतकाचा उत्तरार्ध. या वंशावळीची छाननी करावी, आणि प्रत्येक काळीं प्रवाह सोडणाऱ्याचा हेतु काय होता तें वेगळें काढून दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. विषय वैद्यकाचा असल्यामुळें शरीररचनेविषयीं चार वाक्यें आधीं सांगणें अवश्य आहे. मूत्राशयास दोन परस्परविरुद्ध कामें करावीं लागतात. मूत्र सांठवितांना त्याच्या भिंतीचा स्नायु शिथिल व मुखाभोंवतालचें स्नायुवलय आंवळलेलें पाहिजे. विसर्जनाच्या वेळीं भिंत आकुंचित व वलय सैल पाहिजे. ही अदलाबदल मज्जातंतु घडवून आणतात. भिंतीस आकुंचनाची आज्ञा नेणारे तंतु आणि वलय आंवळणारे तंतु, हे दोन्ही पृष्ठरज्जूच्या अगदीं खालच्या टोंकाकडून, त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या मुळांवाटे बाहेर पडतात. दोहोंचा मेळ घालणारें केंद्र मात्र वर मेंदूच्या देठांत आहे. फ्रेडरिक बॅरिंग्टन या लंडनच्या शस्त्रवैद्यानें मांजरांवरील प्रयोगांवरून तें १९२५ सालीं दाखवून दिलें. पाठीचा कणा मोडून मधला मार्ग तुटला, कीं हा मेळ नाहींसा होतो. भिंत व वलय एकाच वेळीं आंवळूं लागतात, मूत्र तुंबतें, मागें मूत्रपिंडांवर दाब चढतो आणि जंतुदोष शिरतो. पहिल्या महायुद्धांत ज्या शिपायांच्या पृष्ठरज्जूस जखम झाली, त्यांतील फार मोठा भाग मूत्रमार्गाच्या जंतुदोषानें किंवा शय्याव्रणांनीं मृत्युमुखीं पडला. पुढें ज्या प्रयोगांची हकीकत यावयाची आहे, त्यांच्या मागें हा मृत्यूंचा हिशेब उभा आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

३. आतां आपल्याकडील ग्रंथांचा विचार. सुश्रुतानें अश्मरीचा, म्हणजे मुतखड्याचा, विचार निदानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत केला आहे आणि मूत्राघाताचा उत्तरतंत्राच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायांत. ही विभागणी महत्त्वाची आहे. खडा नसतांनाही बस्ति, म्हणजे मूत्राशय, आपलें काम सोडूं शकतो, हें या शास्त्रकारांस पूर्ण ठाऊक होतें. सुश्रुत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगतो. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायांत तेरा मोजले आहेत. त्यांपैकीं वातबस्तींत वेग रोखून धरण्याच्या संवयीनें वायु बस्तीचें मुख बंद करतो असें सांगितलें आहे, आणि वातकुंडलिकेंत वायु बस्तींत भोंवऱ्यासारखा फिरून मूत्र थोडें थोडें व कष्टानें येतें असें वर्णन आहे. उपचार म्हणून काढे, कल्क, घृतें, क्षार, आसव, स्वेद आणि मूत्रमार्गांतून द्यावयाचा उत्तरबस्ति यांचा निर्देश आहे. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं डल्हणाच्या टीकेसह संपादलेली व मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें प्रसिद्ध केलेली प्रत बहुतेक संग्राहकांच्या हाताशीं असते. त्यांनीं हे दोन्ही अध्याय शेजारीं ठेवून वाचावे.

येथें एका मोहापासून दूर राहिलें पाहिजे. अपानवायूच्या जागीं ‘मज्जातंतूंतील विद्युत्’ असा शब्द बसविला, तर सुश्रुताच्या पदरांत विद्युच्चिकित्सेचें श्रेय सहज टाकतां येईल. पण तें अर्थ लावणें नव्हे, पदरचें घालणें होय. विकाराचें सूक्ष्म निरीक्षण हें सुश्रुताचें खरें श्रेय. तें त्याच्याकडे राहूं द्यावें. दुसऱ्याचें अलंकार घालून त्यास सजविण्याची गरज नाहीं.

४. जो न्याय आपल्या ग्रंथांस, तोच रोमन ग्रंथांस. सम्राट् क्लॉडियसच्या काळीं, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, स्क्रिबोनियस लार्गुस या वैद्यानें औषधयोगांचा एक लॅटिन संग्रह केला. जिवंत विद्युन्मत्स्य कपाळावर ठेवल्यास जुनाट मस्तकशूळ जातो, आणि समुद्रकांठच्या ओल्या वाळूंत पायाखालीं धरून पाय गुडघ्यापर्यंत बधिर होऊं दिल्यास वातरक्ताची वेदना शमते, असें तो सांगतो. त्याच शतकांतील ग्रीक औषधिशास्त्रज्ञ डायोस्कोरिडीझ याच माशाचा उपयोग मस्तकशूळावर व गुदभ्रंशावर सांगतो. मस्तक, पाय आणि गुद अशीं तीन स्थानें झालीं. मूत्राशयाचें नांव यांत नाहीं. शिवाय माशाचा धक्का ही वीज आहे, ही कल्पनाही त्या काळीं नव्हती. ती अठराव्या शतकांत विजेची बरणी हातीं आल्यानंतरची. तेव्हां या माशास विजेच्या वेदनाशमनाचा पूर्वज म्हणण्यास हरकत नाहीं. मूत्राशयाच्या चिकित्सेचा पूर्वज मात्र तो नव्हे. गुदभ्रंशाच्या शेजारावरून त्याला या वंशावळींत ओढलें असावें असा आमचा तर्क आहे.

५. खरा आरंभ एकोणिसाव्या शतकांत होतो, आणि तोही एकामागून एक तीन साधनें हातीं आल्यामुळें. गॅल्वानीनें १७९१ सालीं बेडकाच्या पायाचे प्रयोग प्रसिद्ध केले, व्होल्टानें १८०० सालीं अखंड प्रवाह देणारी घटमाला केली, आणि फॅरडेनें १८३१ सालीं प्रवर्तित प्रवाहाचा नियम शोधला. या तिसऱ्या शोधावर उभारलेल्या वेटोळ्याच्या पेटीनें वैद्याच्या हातीं असा प्रवाह दिला, कीं जो शरीराच्या एका नेमक्या ठिकाणीं सोडतां येई. फ्रान्समधील ड्यूशेन यानें याच तत्त्वावर आपली पद्धति रचली व १८५५ सालीं स्थानिक विद्युत्प्रयोगावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची प्रसिद्धि मुख्यतः चेहऱ्याच्या स्नायूंच्या अभ्यासामुळें झाली. परंतु शरीराच्या आंतील अवयवांवर प्रवाह कसा सोडावा, याचाही विचार त्यानें केला असून त्यांत गुदाबरोबर मूत्राशयही आहे.

साक्स्टॉर्फचें लेखन १८७८ सालचें. ज्यांचें मूत्र तुंबलें आहे अशा रोग्यांच्या मूत्राशयांत धातूचें टोंक असलेला कॅथेटर, म्हणजे मूत्रमार्गांतून घालावयाची नळी, सारून, दुसरें टोंक ओटीपोटावर ठेवून तो प्रवाह सोडीत असे. कृति स्पष्ट आहे, विकार स्पष्ट आहे, आणि आज जिला अंतर्मूत्राशय विद्युच्चिकित्सा म्हणतात तिचा सांगाडा त्यांत पुरता आढळतो. म्हणून त्या विशिष्ट पद्धतीच्या वंशावळींत साक्स्टॉर्फचें नांव प्रथम घालण्यास आधार आहे. पण ‘मूत्राशयावर वीज वापरणारा पहिला वैद्य’ असें व्यापक बिरुद त्यास दिलें, तर १८५५ चा ग्रंथ आडवा येतो. एका निबंधांतून दुसऱ्यांत व दुसऱ्यांतून तिसऱ्यांत उतरत गेलेलें विधान मूळ पोथी न पाहतां किती दूर जातें, हें बखरींच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

६. याच सुमारास दुसरा एक प्रवाह स्वतंत्रपणें चालला होता. तो रुग्णालयांतला नसून प्रयोगशाळेंतला. १८६३ सालीं जानुत्सी या इटालियन शास्त्रज्ञानें आणि १८६४ सालीं युलियुस बुडगे या जर्मन शास्त्रज्ञानें कुत्र्यांवर प्रयोग करून मूत्राशयास हालविणारे मज्जातंतु पृष्ठरज्जूंतून कोठून निघतात याचा शोध घेतला. त्रिकास्थीच्या मुळांस प्रवाह लावला असतां मूत्राशय आकुंचन पावतो, हें बुडगेनें दाखविलें. शंभर वर्षांनंतर ज्या मुळांवर शस्त्रवैद्यांनीं तारा बसविल्या, तीं मुळें या माणसानें दाखवून ठेविलीं होतीं. तरीही उपचार करणाऱ्यांच्या वंशावळींत त्याचें नांव क्वचितच येतें. कारण त्यानें कोणा रोग्यास बरें केलें नव्हतें.

७. यानंतरचा मोठा खंड दुसऱ्या महायुद्धाशीं निगडित आहे. १९४४ सालीं लुडविग गुटमन यानें इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें पृष्ठरज्जूच्या जखमींसाठीं विभाग उघडला. नियमित व स्वच्छ शुश्रूषेनें हे रोगी दीर्घकाळ जगूं शकतात, हें त्यानें सिद्ध केलें. रोगी जगूं लागले तेव्हां त्यांच्या मूत्राशयाचें आयुष्यभर काय करावयाचें, हा प्रश्न प्रथमच खऱ्या अर्थानें उत्पन्न झाला. १९५८ सालीं स्टॉकहोम येथें हृदयाचा ठोका चालविणारें यंत्र प्रथमच शरीरांत पुरण्यांत आलें. हृदयास जें जमतें तें मूत्राशयास कां जमूं नये, अशी आशा साहजिकच बळावली. हंगेरींत काटोना यानें १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस साक्स्टॉर्फच्या पद्धतीस नवें रूप दिलें. अमेरिकेंत मूत्राशयाच्या भिंतीवरच विद्युदग्रें, म्हणजे प्रवाह सोडणारीं टोंकें, शिवण्याचे प्रयोग झाले.

या भिंतीवरील प्रयोगांचा शेवट निराशेंत झाला. भिंत आकुंचित करण्याइतका जोरदार प्रवाह शेजारच्या स्नायूंत पसरे, वेदना होई, आणि मुखाचें वलयही त्याच वेळीं आंवळलें जाई. मूत्राशय सतत फुगणारा व आकसणारा असल्यामुळें तारा सरकत व तुटत. सारांश, आंतून ढकलणें आणि बाहेरून दार लावणें या दोन्ही गोष्टी एकच प्रवाह करीत होता. त्यांत १९७२ सालीं अमेरिकेंतील जॅक लॅपिडिस यानें रोग्यानें स्वतःच दिवसांतून अनेकदां स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामा करावा, ही साधी पद्धति प्रसिद्ध केली. तिला ना तारा लागत, ना शस्त्रक्रिया. आजही जगांतील असंख्य रोग्यांचीं मूत्रपिंडें या नळीनें वांचविलीं आहेत. विजेचा इतिहास लिहितांना या बिनविजेच्या प्रतिस्पर्ध्याचें नांव गाळणें अप्रामाणिकपणाचें होईल.

८. भिंत सोडून मुळाकडे जाण्याचें काम इंग्लंडांत जाइल्स ब्रिंडली यानें केलें. १९६९ च्या सुमारास त्यानें बबून वानरांवर प्रयोगांस आरंभ केला आणि १९७६ ते १९७८ या काळांत मनुष्याच्या शरीरांत तें यंत्र बसविलें. त्रिकास्थीच्या पुढच्या मुळांवर विद्युदग्रें, कातडीखालीं ग्राहक, आणि बाहेरून कातडीवर धरावयाचा प्रेषक, अशी त्याची रचना. पण भिंतीचे व वलयाचे तंतु एकाच मुळांतून जातात, ही बुडगेच्या काळापासूनची अडचण येथेंही उभी होती. तिच्यावर ब्रिंडलीनें काढलेला उपाय मोठा मार्मिक आहे. वलयाचा स्नायु झटकन आंवळतो व झटकन सुटतो. भिंतीचा स्नायु सावकाश आंवळतो व सावकाश सुटतो. म्हणून प्रवाह अखंड न देतां थांबत थांबत द्यावा. प्रत्येक विरामांत वलय सुटलेलें असतें, पण भिंतीचा जोर ओसरलेला नसतो. त्या फटींतून मूत्र बाहेर पडतें. अडचण दूर करतां आली नाहीं, तेव्हां दोन स्नायूंच्या स्वभावांतील अंतराचाच त्यानें उपयोग करून घेतला.

या यशास किंमतही होती. मूत्राशय आपोआप उसळूं नये म्हणून पुढें याच शस्त्रक्रियेबरोबर त्रिकास्थीचीं मागचीं, म्हणजे संवेदना नेणारीं, मुळें कापण्याची रीति पडली. त्यामुळें गळती थांबली व मूत्रपिंडें सुरक्षित झालीं. परंतु उरलीसुरली संवेदना आणि पुरुषांमधील प्रतिक्षेपानें होणारें लिंगोत्थान हीं कायमचीं गेलीं. पूर्ण पक्षाघात झालेल्यानें हा व्यवहार करावा कीं नाहीं, याचा निर्णय वैद्यानें नव्हे, रोग्यानेंच करावयाचा आहे.

९. यापुढें मात्र हेतूच पालटतो, आणि आमच्या मतें या इतिहासाचा खरा सांधा येथें आहे. १९६३ सालीं एक्सेटर येथील कॉल्डवेल यानें गळती होणाऱ्या रोग्यांच्या वलयास बळ देण्यासाठीं विद्युदग्रें पुरल्याचें प्रसिद्ध केलें. त्याचा हेतु दार घट्ट करण्याचा होता. पुढें या प्रकारच्या उपचारांत एक अनपेक्षित गोष्ट नजरेस आली : दाराजवळच्या तंतूंस प्रवाह दिला असतां आंतली भिंतही शांत होते. स्वीडनमधील फाल व लिंडस्ट्रोम यांनीं प्राण्यांवरील प्रयोगांनीं याचा मार्ग दाखविला. संवेदना वर नेणारे तंतु जागे केले, म्हणजे पृष्ठरज्जु स्वतःच मूत्राशयास आवरतो. प्रवाह येथें स्नायूस आज्ञा करीत नाहीं. रज्जूची समजूत घालतो.

हेंच तत्त्व सॅन फ्रान्सिस्को येथील एमिल टनागो व रिचर्ड श्मिट यांनीं त्रिकास्थीच्या तिसऱ्या मुळाशीं लावलें. कुत्र्यांवरील दीर्घ प्रयोगांनंतर १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं त्यांनीं मनुष्यांत यंत्र बसविलें. कायमचें यंत्र बसविण्यापूर्वीं तात्पुरती तार घालून परीक्षा घेण्याची यांत सोय आहे. तार योग्य मुळाशीं पोंचल्याची खूण म्हणजे गुदाभोंवतालचा भाग आंत ओढला जातो व पायाचा आंगठा खालीं वांकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १९९७ सालीं हें यंत्र घाईची लघवी आवरतां न येण्याच्या विकारासाठीं मान्य केलें आणि १९९९ सालीं मार्गांत अडथळा नसतांनाही मूत्र तुंबण्याच्या विकारासाठीं. या दोन मित्या शेजारीं ठेवून पाहाव्या. एक विकार अति चळवळीचा, दुसरा निश्चेष्टतेचा. आणि दोहोंस एकच यंत्र, एकाच मुळाशीं! प्रवाहाचें काम ढकलण्याचें असतें तर हें घडतें ना. बिघडलेला संवाद पुन्हां जुळविण्याचें काम तो करतो, या मतास याहून बोलका पुरावा दुसरा नाहीं; त्याच्या घडणीचा तपशील मात्र अद्याप वादग्रस्त आहे.

१०. शेवटचा टप्पा पायाच्या घोट्याशीं येतो. जंघेच्या मागच्या मज्जातंतूचीं मुळें त्रिकास्थीच्या तिसऱ्या मुळापर्यंत पोंचतात. चिनी सूचिचिकित्सेंत मूत्रविकारांसाठीं घोट्याच्या वर सुई टोंचण्याचा परिपाठ आहे. त्याचा आधार घेऊन एडवर्ड मॅग्वायर यानें १९८३ सालीं कातडीवरून या तंतूस प्रवाह देण्याची पद्धति प्रसिद्ध केली. नंतर मार्शल स्टोलर यानें घोट्याच्या सुमारें ५ सेंटिमीटर वर बारीक सुई घालून प्रवाह देण्याची रीति बसविली. आठवड्यास एकदां ३० मिनिटें, अशा १२ बैठका. येथें प्राचीन परंपरेशीं संबंध खरोखर आहे, आणि तो संशोधकानें स्वतः नमूद केलेला आहे. पूर्वोक्त माशाच्या कथेशीं याची तुलना करून पाहावी.

२०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत २२० रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट करून एकास खरा व दुसऱ्यास नकली उपचार दिला. पहिल्या गटांत शेंकडा ५४.५ जणांनीं स्पष्ट सुधारणा सांगितली, दुसऱ्यांत शेंकडा २०.९ जणांनीं. उपचार खरा ठरला. पण त्या दुसऱ्या आंकड्याकडेही संग्राहकांनीं लक्ष द्यावें. कांहींही न देतां पांचांत एकास बरें वाटलें! जुन्या बाडांतून औषधाच्या शेजारीं ‘अनुभविक’ असा शेरा आढळतो तेव्हां, तो लिहिणारा प्रामाणिक असूनही, त्या शेऱ्याचें वजन किती धरावें याचें माप या आंकड्यांत आहे. नकली गटाशीं ताडून पाहिल्यावांचून स्क्रिबोनियसचा मासा व ड्यूशेनची पेटी यांच्याविषयींचीं प्रशस्तिपत्रें पुरावा म्हणून स्वीकारतां येत नाहींत.

११. वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात :

(अ) विद्युन्मत्स्याचे प्राचीन उल्लेख मूत्राशयासंबंधीं नाहींत. त्यांस या वंशावळींतून वगळावें. सुश्रुत-चरकांचें श्रेय निदानाचें आहे, विद्युच्चिकित्सेचें नाहीं.

(आ) साक्स्टॉर्फ हा अंतर्मूत्राशय पद्धतीचा आद्य लेखक म्हणून मानावा; मूत्राशयावरील विजेचा आद्य प्रयोजक म्हणून नव्हे, कारण ड्यूशेनचा ग्रंथ त्याच्या २३ वर्षें आधींचा आहे.

(इ) ‘विद्युच्चिकित्सा’ या एका नांवाखालीं तीन हेतु आहेत : भिंतीस ढकलणें, मुळास आज्ञा देणें, आणि संवेदनेच्या वाटेनें रज्जूस वळविणें. पहिल्याचा उगम ड्यूशेन-साक्स्टॉर्फ यांच्याकडे, दुसऱ्याचा बुडगेच्या प्रयोगशाळेकडे, तर तिसऱ्याचा कॉल्डवेलनंतरच्या एका अनपेक्षित निरीक्षणाकडे जातो. एकाच जनकाचा आग्रह धरल्यास तिघांवरही अन्याय होतो.

शेवटीं एक विनंति. वेटोळ्याच्या वैद्यकीय पेट्या जुन्या दवाखान्यांच्या अडगळींत कोठें कोठें सांपडतात. पितळेच्या मोहानें पेटी ठेवली जाते आणि तिच्या झांकणांत चिकटविलेला सूचनांचा कागद फाडून टाकला जातो. इतिहासाच्या दृष्टीनें पेटीपेक्षां तो कागद मोलाचा. कारण प्रवाह कोठें लावावा व कशासाठीं, हें त्यावरच लिहिलेलें असतें. ज्यांच्या संग्रहांत अशी पेटी असेल त्यांनीं कागदाची नक्कल करून ठेवावी. यंत्र काय होतें हें धातूवरून कळतें, पण हेतु काय होता हें अक्षरांवांचून कळत नाहीं.